चार नंबरमधले आवाज

लाइट गेली तर जाऊ दे. तो चार्जिंगचा दिवा टेबलावर ठेव आणि जरा बस, हर्षाली. काल तू मला विचारलंस, की आपण कंपन्यांमध्ये एआय किती सुरक्षितपणे वापरतात ते तपासायला जातो, मग आपला पहिला प्रश्न दाराबद्दल का असतो. ‘हे दार आतून, हाताने उघडतं का?’ तू ऑफिसात नवीन आहेस, तुला ते विचित्र वाटणारच. काल मी हसून विषय बदलला. आज सांगते. आज मलाच कोणाला तरी सांगावंसं वाटतंय.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. द्राक्षांचा हंगाम संपत आला होता. दिंडोरी रोडवरून एक फाटा आत जातो, तिथे रंगनाथ आप्पांचं शीतगृह आहे. आप्पा मूळचे बागायतदार. आधी त्यांनी घरच्या मालापुरती एक गार खोली बांधली. मग तिला लागून दुसरी, तिसरी, आणि हळूहळू आजूबाजूच्या गावांचा माल त्यांच्याकडेच यायला लागला. मुलगा रोहित शिकून परत आला आणि त्याने सगळा कारभार एका बोलक्या यंत्रावर सोपवला. ‘सोबती’ असं नाव ठेवलं होतं त्याचं. कुठल्या खोलीत किती गारवा हवा, पंखे कधी फिरवायचे, शेतकऱ्यांच्या फोनला काय उत्तर द्यायचं, सगळं सोबती बघायचा. दारंसुद्धा. ‘सोबती, चार नंबरचं दार उघड’ म्हटलं की ते जाडजूड दार आपोआप बाजूला सरकायचं. रोहितला त्याचा अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता. यंत्र खरंच कामाचं होतं.

त्यांच्या परदेशातल्या एका ग्राहकाने सुरक्षेची तपासणी करून घ्या असं सांगितलं, म्हणून मला बोलावणं आलं. काम रोजचंच. या यंत्राला हुकूम कोण देऊ शकतं, त्याला कोणी फसवू शकतं का, त्याने ऐकलेलं बोलणं साठतं कुठे, आणि ते बंद पडलं तर माणसांनी काय करायचं.

सकाळी आप्पांनी ओट्यावर बसवून चहा दिला. उंच, सावळे, डोक्याला पांढरी टोपी, आवाज खणखणीत. फवारणी कधी करायची, पाऊस कधी येतोय, हे ते रोज आपल्या आवाजात रेकॉर्ड करून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचे. अख्ख्या तालुक्याला तो आवाज ओळखीचा.

मी म्हटलं, “आप्पा, तुमचा आवाज एवढा सगळीकडे आहे. कोणी त्याची नक्कल करून सोबतीला हुकूम दिला तर?”

आप्पा हसले. “आवाज काय कांदा हाय का मॅडम, कोनी गोनीत भरून न्यायला?”

मीही हसले. मग ते दिंडोरीला कामासाठी निघून गेले, रोहित ऑफिसात फोनवर बसला, आणि मला खोल्या दाखवायला साधनाताई आल्या. पॅकिंगच्या हॉलवर देखरेख करणाऱ्या. माझ्याच वयाच्या, चटपटीत. सटाण्याकडचं माहेर. बायकांची जेवायची सुट्टी झाली होती, त्यामुळे हॉल रिकामा होता. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. पत्र्यावर कबुतरांच्या नखांचा आवाज, आणि दूर कुठेतरी ट्रॅक्टर.

“आत लय गार हे मॅडम, जाकीट घाला,” त्या म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून, घरातल्या माणसाला सांगावं तसं, “सोबती, चार नंबरचं दार उघड.”

दार सरकलं. मागचा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा बाजूला करून आम्ही आत गेलो.

तू अशा खोलीत अजून गेली नाहीस, म्हणून सांगते. तिथला गारवा कातडीला लागत नाही, तो एकदम हाडांत जातो. छतापर्यंत पांढऱ्या पेट्यांच्या थप्प्या, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. द्राक्षं टिकावीत म्हणून पेट्यांत गंधकाचे कागद घालतात, त्याचा एक तिखट, काडी विझवल्यासारखा वास. आणि वर पंख्यांची एकसारखी घरघर. आपण बोललो की शब्दांआधी वाफ बाहेर येते. पिवळ्या दिव्यांच्या उजेडात ती वाफ थोडा वेळ आपल्यासमोर उभी राहते.

मी दाराची आतली बाजू बघितली. गुळगुळीत होती.

“आतून उघडायला काय आहे?”

“आधी एक दांडा होता मॅडम. हे नवीन दार बसवलं तेव्हा काढला. आता सोबतीलाच सांगायचं.”

“आणि त्याने ऐकलं नाही तर?”

“ऐकतो हो तो. माणसांपेक्षा बरा.”

मी म्हटलं, हे लिहून घ्यायला हवं. आम्ही थप्प्यांमधून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आलो. दाराच्या डाव्या भिंतीवर सोबतीचा माईक होता आणि त्याच्या शेजारी एक छोटा स्पीकर. ओल धरून स्पीकर बिघडला होता आणि महिन्याभरापूर्वी त्याची वायर कापून टाकली होती, असं साधनाताई म्हणाल्या. ऐकायला सोबतीला ऐकू जायचं, पण या एका खोलीत त्याला बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात पंखे थांबले.

घरघर इतकी सतत चाललेली असते की ती आहे हे आपण विसरतो. ती थांबली तेव्हा कान बधिर झाल्यासारखे वाटले. मग दिवे गेले. आणि पडद्याच्या पलीकडे दार सरकत जाऊन बंद झाल्याचा आवाज आला. सावकाश, शेवटी एक मऊ धक्का.

“सोबती, दार उघड,” साधनाताई म्हणाल्या.

काही नाही.

“सोबती… चार नंबरचं दार उघड.”

मी फोनचा टॉर्च लावला. नुसतं पांढरं धुकं उजळलं, पुढचं काहीच दिसेना. त्या जाड भिंतींतून रेंज येत नाही. आम्ही दारावर हात मारले, हाका मारल्या. हात मारल्याचा आवाज आमच्याच बाजूला राहत होता, गादीवर मारावं तसा.

आणि मग वास आला. आधी अगदी थोडा, घरी फरशी पुसायच्या औषधासारखा. मग नाकात सुई घुसावी तसा. साधनाताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. “मॅडम, हा गॅसचा वास हे. अमोनिया.” खोल्या गार करायला नळ्यांतून जो वायू फिरवतात, तो. दाराच्या वरच्या नळीच्या सांध्यातून सूं… असा बारीक आवाज येत होता.

त्याच वेळी कोणीतरी बोललं.

“घाबरू नका. दाराजवळच थांबा. मी येतोय.”

आप्पांचा आवाज. खणखणीत, ओळखीचा. साधनाताईंनी एकदम सुटकेचा श्वास टाकला आणि पुढचा घेताना त्यांना खोकला आला. “आले आप्पा. मॅडम, आप्पा आले.”

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण माझे डोळे इतके जळत होते की दाराजवळ उभं राहणं अशक्य होतं, आणि आवाज तर तिथेच थांबा म्हणत होता.

“आप्पा, इथेच गळतंय. आम्ही मागे सरकतो.”

“नको. दाराजवळच थांबा. मी येतोय.”

तोच सूर, तेच शब्द, मध्ये तेवढीच उसंत. मला एक गोष्ट तेव्हा जाणवली. स्पीकर डावीकडच्या भिंतीवर, उंच होता. त्याची वायर कापलेली होती. हा आवाज तिथून येत नव्हता. दारातूनही येत नव्हता, दाराच्या पलीकडे आमच्याच हाका जात नव्हत्या तर त्याचा आवाज आत कसा येईल? तो पडद्याच्या पट्ट्यांशी, माणूस उभा राहिला तर जिथे त्याचं तोंड असेल तेवढ्या उंचीवरून येत होता. आमच्याच बाजूला.

मी साधनाताईंना मागे ओढलं आणि कानात म्हटलं, “त्यांना असं काहीतरी विचारा, जे आप्पांनाच माहीत असेल. फोनवर, ग्रुपवर कुठेही बोलले नसतील असं.”

त्यांना आधी कळेना. मग त्या म्हणाल्या, “आप्पा… माझ्या लेकीचं नाव तुम्हीच ठेवलंय. काय ठेवलं, सांगा.”

सूं… असा नळीचा आवाज तेवढा चालू होता.

“आप्पा?”

“दाराजवळ थांबा,” आवाज म्हणाला. या वेळी तो थोडा पुढे आला होता.

मी साधनाताईंचा हात सोडला नाही. पण कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं. मागे भिंत, पुढे ते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, छाती आवळत होती, आणि मी माझ्या मुलाचा, तनयचा, सकाळी न आवरलेला पलंग डोळ्यांसमोर आणून उभी होते. भीतीत माणसाला काय आठवेल सांगता येत नाही.

तेव्हा मागून, पार मागच्या भिंतीकडून, दुसरा आवाज आला.

“तठे नका थांबा… आठे या.”

म्हाताऱ्या माणसाचा. घोगरा, हळू. झोपलेल्या पोरांना उठवावं तसा.

साधनाताई जागच्या जागी वळल्या. “मॅडम… हे आमच्याकडचं बोलणं हे. अहिराणी. माझी आई असं बोलते. तिथं थांबू नका, इकडं या म्हणतायत.”

“कोण आहे तिकडे?” मी विचारलं.

“मी शे ना,” आवाज म्हणाला. “खाले वाका… ओढनी वली करा, तोंडले लावा.”

‘मी आहे ना’ म्हणत होता तो, आणि ओढणी ओली करा, तोंडाला लावा. पाणी कुठून आणायचं? पण मी खाली वाकून हात फिरवला तर जमीन ओली लागली. पंखे बंद पडल्यावर वरच्या नळ्यांवरचा बर्फ वितळून खाली ठिबकत होता. आम्ही दोघींनी ओढण्या त्या पाण्यात भिजवल्या आणि नाकातोंडावर दाबल्या. श्वास घेता यायला लागला. पुरता नाही, पण घेता यायला लागला.

“दाराजवळ थांबा. मी येतोय,” पुढचा आवाज म्हणाला.

“आठे या, बाई,” मागचा म्हणाला.

माझं सगळं काम हेच आहे, हर्षाली. समोरून बोलतंय ते कोण, हे ओळखायचं. त्या अंधारात माझ्याकडे ना यंत्र होतं, ना कुठली खूण. मी फक्त एवढंच बघितलं, की एक आवाज आम्हाला जिथे जीव गुदमरतोय तिथे थांबवत होता, आणि दुसऱ्याने आम्हाला श्वास दिला होता. दुसऱ्याने आपण कोण हे सांगितलंसुद्धा नाही. आम्ही वाकून, पेट्यांना खांदा घासत, त्याच्याकडे निघालो.

तो मधून मधून बोलत होता. “आशे… आखो थोडं.” असं, अजून थोडं. आम्ही चुकीच्या वाटेला लागलो की गप्प व्हायचा, बरोबर वळलो की पुन्हा बोलायचा. पाठीमागे पडद्याच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला, कोणीतरी त्यांतून पुढे आल्यासारखा. मी मागे बघितलं नाही. बघूनही काय दिसणार होतं?

मागच्या भिंतीशी रिकाम्या क्रेटची एक थप्पी होती. मी मघाशी तिथूनच परत फिरले होते. “हाई सरकाडा,” आवाज म्हणाला, अगदी माझ्या खांद्याशी. आम्ही दोघींनी क्रेट ढकलले. मागे हाताला लाकूड लागलं. एक बुटकं, जुनं दार. त्याला आडवा लाकडी अडसर. तो बर्फाने चिकटला होता. मी तळहाताने खालून ठोसे मारले, साधनाताईंनी फोनच्या कडेने बर्फ फोडला, आणि अडसर सुटला.

बाहेर ऊन होतं.

त्या उन्हाला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते. मागे कोरडा ओहोळ, बाभळी, आणि भाजून काढणारा वारा. आम्ही दोघी मातीत गुडघ्यांवर पडलो आणि खोकत, रडत, श्वास घेत राहिलो. त्या बुटक्या दारातून पांढरं धुकं बाहेर येऊन उन्हात विरत होतं. मी आत हाक मारली. “बाबा, तुम्हीपण या बाहेर.” आतून कोणी आलं नाही.

काय झालं होतं ते नंतर कळलं. आम्ही आत असतानाच रोहितला फोन आला. आवाज वडिलांचा, पण ग्रुपवरच्या रेकॉर्डिंगवरून कोणीतरी बनवलेला. ‘रोहित, स्क्रीनवर एक नंबर आला असेल, तो सांग पटकन, मी इथं माणसांबरोबर बसलोय.’ त्याने सांगितला. त्या नंबराने कोणा लांबच्या माणसांच्या हातात अख्खा सोबती गेला. नंतर खंडणी मागण्यासाठी त्यांनी सगळं एका झटक्यात बंद केलं, दारं, दिवे, पंखे, पंप. मुख्य पंप तसा बंद करायचा नसतो. नळ्यांतला दाब वाढला आणि चार नंबरचा जुना सांधा फुटला.

रोहित आम्हाला शोधत मागच्या बाजूला धावत आला. तो नुसता साधनाताईंच्या पायाशी बसला. मी त्याला एका शब्दाने बोलले नाही. आवाज वडिलांचा असेल तर मीसुद्धा नंबर सांगितला असता.

थोड्या वेळाने आप्पा आले, दिंडोरीहून, खरे. “बायांनो, ठीक हायेत ना तुमी?” त्यांनी एवढंच विचारलं आणि आम्ही दोघी दचकून मागे सरकलो. तो चांगला माणूस गोंधळून तिथेच उभा राहिला. मग साधनाताईंनी विचारलं, “आप्पा, माझ्या लेकीचं नाव?”

“स्नेहल. का गं पोरी?”

तेव्हा त्या त्यांच्या हाताला धरून रडल्या.

त्या बुटक्या दाराबद्दल मी विचारलं. आप्पा म्हणाले, “ते दार भिकननानासाठी केलं व्हतं. पहिल्यापासून मशिनवर तेच. सटान्याकडचे. मला म्हनाले, या खोलीला मागून एक दार पायजे, त्याबिगर मी आत मानूस पाठवनार नाय. का, ते सांगितलं नाय. मी करून दिलं.” आणि मग, “जाऊन वरीस उलटलं त्यांना. घरीच गेले, झोपेत.”

साधनाताई कामाला लागल्या त्या नाना गेल्यानंतर, म्हणून ते दार आणि तो आवाज त्यांच्या ओळखीचे नव्हते. सोबतीही नाना गेल्यानंतरच बसवलेला. म्हणजे त्यांचा आवाज त्या यंत्राने कधी ऐकलेलाच नव्हता. अहिराणी तर त्याला कोणी शिकवली नव्हती.

पुढचे आठवडे मी तिथेच काम केलं, मन लावून. सोबतीला काढून टाका असं मी म्हटलं नाही. तापमान बघू दे, फोन घेऊ दे. पण दार, पंप आणि गॅस यांच्यावर त्याचा एकट्याचा ताबा नको. तिथे माणसाचा हात लागलाच पाहिजे. नुसत्या आवाजावर कोणतंही काम होणार नाही, मग तो मालकाचा का असेना. फोन आला तर ठेवायचा आणि आपल्याकडच्या नंबरावर उलटा लावून खात्री करायची. स्क्रीनवरचा नंबर बापालाही सांगायचा नाही. सगळ्या दारांना आतून दांडे बसवले. बायकांना घेऊन सराव केला, डोळे बांधून बाहेर पडायचा. आप्पांनी ग्रुपवर आवाज टाकणं बंद केलं, आता ते लिहितात, आणि त्यांच्या चुका वाचून सगळा तालुका हसतो. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

माझे वडील, तुला माहीत आहेत, ढुंढिराज गुरुजी, रामकुंडावर लोकांच्या पितरांची कामं करतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शंका काढली नाही. फक्त विचारलं, “नाव काय म्हणालीस?” पुढच्या अमावास्येला त्यांनी आमच्या घरच्या नावांनंतर भिकन हे नाव घेतलं आणि पाणी सोडलं. अजूनही दर अमावास्येला सोडतात.

मग एका रविवारी साधनाताई आणि मी सटाण्याकडे गेलो, नानांच्या घरी. त्यांच्या बायकोला, धोंडाबाईंना, भेटायला. घराच्या बाजूला कांद्याची चाळ, अंगणात निंबाची सावली. आम्ही साडी, नारळ नेला होता. त्यांनी आधी ताक दिलं आणि मगच काय ते बोला म्हणाल्या. साधनाताईंनी त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. ‘मी शे ना’ हे शब्द आले तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला, पण ती हसत होती.

“कामवर शे म्हन अजून,” ती म्हणाली. अजून कामावरच आहेत म्हणजे.

मी तिच्या पाया पडले. म्हटलं, “त्यांनी आमचा जीव वाचवला. माझा मुलगा लहान आहे, आजी.” तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात खरखरीत आणि ऊबदार होता, आणि मला त्या दिवसानंतर पहिल्यांदा शांत वाटलं.

निघताना तिने साधनाताईंना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. गाडीत बसल्यावर मी विचारलं. साधनाताई म्हणाल्या, “नाना तिला सांगायचे, त्या खोलीत कोणीतरी हे. पहिल्यापासून हे. ते माणसांच्या आवाजात बोलतं. म्हणून आत हाक आली तर आवाजावर जायचं नाही. म्हणायचं, हात दाखव. त्याला हात दाखवता येत नाही.”

रोहितला फोन करणारी माणसं पुढे पकडली गेली. त्यांनी तो एक फोन कबूल केला. पण आत कोणी माणसं आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं ती म्हणाली. चार नंबरमध्ये आम्ही एक शब्दही बोललो नाही, असंही त्यांनी सांगितलं. आणि ते खोटं नसावं. सोबतीचा माईक तेवढा बंद पडला नव्हता; त्याने त्या दुपारचं सगळं साठवलं होतं, ते मी ऐकलं आहे. त्यात नळीचा आवाज आहे. माझा आवाज आहे, साधनाताईंचा आहे. आम्ही प्रश्न विचारतो, थांबतो, परत विचारतो. मध्ये कोणीच नाही.

तेव्हापासून तिथे कोणी एकटं आत जात नाही. साधनाताईंनी हातांची रीत सगळ्या बायकांना शिकवली. कोणी आतून हाक मारली की बाहेरची म्हणते, हात दाखव, आणि आतली पडद्यातून दोन्ही हात बाहेर काढते. नवीन पोरींना तो खेळ वाटतो. सगळं सुरळीत चाललं आहे, आणि मी खरंच सांगते, मी रोज त्या म्हाताऱ्या माणसाचे आभार मानते.

आज संध्याकाळी, तू चहा आणायला खाली गेली होतीस तेव्हा, साधनाताईंचा फोन आला. मी दुपारभर इथेच होते, तुझ्यासमोर. त्यांनी आधी मला व्हिडिओ कॉल करायला लावला. हात दाखवा म्हणाल्या. मी दाखवले. त्यांनी ते पालथे करूनही बघितले.

मग हळू आवाजात म्हणाल्या, “मॅडम, आज दुपारी चार नंबरमधून तुमची हाक आली. बायका जेवायला गेलेल्या. मी बाहेर एकटीच होते.”

“मग? तुम्ही विचारलंत ना?”

“विचारायच्या आधीच, मॅडम… आवाज अगदी तुमचाच. म्हणत होता, साधनाताई, जरा आत या… हात दाखवते.”